कमानिया गेटचा दसरा : खाद्योत्सवाभोवती आखलेला प्रवास

मथुरेला जाऊन आलेला माणूस पेढे आणतो आणि आग्र्याहून परतलेला पेठा आणतो. प्रवास आणि खाणे यांचे नाते आपल्याकडे असे जुने आहे. परंतु या नात्यात खाण्याचे स्थान नेहमीच दुय्यम राहिले. माणूस निघे तो दर्शनाला, लग्नकार्याला किंवा व्यापाराला, आणि जाता जाता तिथला प्रसिद्ध पदार्थ पदरात बांधून घेई. खाद्यपदार्थ हेच प्रवासाचे प्रयोजन ठरवून, त्यासाठी तारीख, गाडी आणि मुक्काम निश्चित करावयाचा, ही पद्धत त्या मानाने अलीकडची होय.

या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आढळते. तेथील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या विस्तीर्ण करमणूक-नगरीत एप्कॉट नावाचे उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्यातील एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने उभारलेली आहेत. १९९० नंतरच्या दशकात तेथे दर शरदऋतूत खाद्य आणि वाइन यांचा महोत्सव भरू लागला. तळ्याच्या काठाने छोटी दुकाने लागतात. प्रत्येक दुकानात एकेका देशाचे दोन-चार पदार्थ लहान बशीतून आणि त्यांना साजेसे मद्य लहान पेल्यातून मिळते. प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि प्रत्येक बशीचे मूल्य वेगळे. कोणत्या दुकानात काय मिळेल याची पुस्तिका आधीच छापलेली असते. महाराष्ट्रातही २००८ पासून नाशिकजवळच्या सुला द्राक्षमळ्यात संगीत, खाद्यपदार्थ आणि वाइन यांचा असाच एक महोत्सव भरू लागला.

अशा महोत्सवाचा प्रवास आखणे तुलनेने सोपे असते, कारण आखणीचे निम्मे काम यजमान संस्थेनेच केलेले असते. तारखा ठरलेल्या, फाटक ठरलेले, पदार्थ ठरलेले. पाहुण्याने फक्त शनिवार-रविवारची गर्दी टाळावयाची, एक बशी दोघांत घ्यावयाची आणि खिशावर लक्ष ठेवावयाचे.

पण ज्या उत्सवाला भिंत नाही, तिकीट नाही आणि ज्याचा कोणी एक यजमान नाही, अशा उत्सवाभोवती प्रवास कसा आखावा? भारतातील बहुतेक खरे खाद्योत्सव या प्रकारचे आहेत. ते पाहुण्यांसाठी भरवलेले नसतात. गावाचा सण असतो, सणामुळे गर्दी असते आणि गर्दीमुळे भट्ट्या पेटलेल्या असतात. जबलपूर शहरातील कमानिया गेटच्या परिसरातील दसरा हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा नमुना आहे.

कमान आणि तिच्याभोवतीचा बाजार

कमानिया गेट हे नाव ऐकताच मराठी वाचकाला कमान आठवेल, आणि ते योग्यच आहे. जुन्या जबलपूरच्या भर बाजारात उभी असलेली ही कमान एखाद्या किल्ल्याचा किंवा तटाचा दरवाजा नव्हे. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. कलचुरी राजांची प्राचीन राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर गाव, येथून जवळ असल्याने ते त्रिपुरी काँग्रेस म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी २९ जानेवारीला झालेल्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव केला होता. अधिवेशनाच्या वेळी सुभाषबाबू तापाने इतके आजारी होते की त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे बंधू शरच्चंद्र यांना वाचून दाखवावे लागले. या अधिवेशनाची स्मृती म्हणून कमानिया गेट उभे आहे.

कमानीच्या आसपास बडा फुहारा, सराफा, सुनरहाई, नुनहाई ही बाजारपेठेची नावे एकमेकांना लागून येतात. सुनरहाई म्हणजे सोनारांची आळी. येथे दागिने, कापड, भांडी, पूजासाहित्य आणि मिठाई यांची दुकाने दाटीने वसलेली आहेत. रस्ते अरुंद आहेत. एरवीच्या दिवशीही येथे वाहन उभे करणे कठीण जाते; नवरात्रात तर पायी चालणे हाच एक व्यवहार्य मार्ग उरतो.

मराठी माणसाला हे शहर अगदीच परके नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचा शेवट होऊन हा प्रदेश सागरच्या मराठ्यांच्या हाती गेला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग येथेच एकमेकांना मिळाले, आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग रेल्वेने शक्य झाला. शहरात अनेक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत.

तारीख कशी निवडावी

भिंतीबाहेरच्या उत्सवाची तारीख पंचांग ठरवते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, दशमीला दसरा येतो आणि त्यानंतर पाचव्या दिवशी शरद पौर्णिमा, म्हणजेच आपली कोजागरी, येते. जबलपूरच्या उत्सवाचे दोन उत्कर्षबिंदू या दोन तिथींवर आहेत. पहिला शहरात, कमानिया गेटच्या परिसरात, दसऱ्याच्या रात्री; दुसरा शहराबाहेर सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर नर्मदाकाठी भेडाघाट येथे, पौर्णिमेच्या चांदण्यात. तेथे मध्यप्रदेशात नर्मदा महोत्सव म्हणून ओळखला जाणारा संगीत-नृत्याचा कार्यक्रम शरद पौर्णिमेच्या सुमारास भरत आला आहे.

या तिथी इंग्रजी महिन्यात स्थिर नसतात. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी तितके अलीकडे सरकतात, आणि सुमारे तीन वर्षांनी अधिक मास आला की एकदम पुढे जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तो पुन्हा २० ऑक्टोबरला आणि कोजागरी २५ ऑक्टोबरला येते. बारा, दोन आणि वीस या तारखांमधला फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण तोच या प्रवासाचे यश-अपयश ठरवतो. त्याचे कारण नदी होय.

नदीचा कौल

भेडाघाटला नर्मदा संगमरवरी खडकांच्या घळीतून वाहते. ही घळ सुमारे तीन किलोमीटर लांब असून काही ठिकाणी कडे तीस मीटरपर्यंत उंच आहेत. पंचवटी घाटावरून नावेत बसून ही घळ पाहावयाची असते. पावसाळ्यात पाणी चढलेले असल्याने नौकाविहार बंद ठेवला जातो. साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा हा काळ असतो. पुन्हा सुरू होण्याचा दिवस मात्र ठरलेला नसतो. पाऊस लांबला, किंवा जबलपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या बरगी धरणातून पाणी सोडावे लागले, तर नावा आणखी काही दिवस काठावरच राहतात. पाणी फार चढले तर धुवांधारचा प्रसिद्ध धबधबासुद्धा पुरात बुडून दिसेनासा होतो.

आता वरच्या तारखांकडे पुन्हा पाहावे. ज्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या आरंभी येतो, त्या वर्षी कोजागरीला नावा सुरू झालेल्या असतील याची खात्री धरता येत नाही. ज्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो, त्या वर्षी आकाश निवळलेले, पाणी उतरलेले आणि रात्री किंचित गारवा असण्याचा संभव अधिक. म्हणून ज्यांना बाजार आणि नदी ही दोन्ही हवी आहेत, त्यांनी अधिक मासाचे वर्ष निवडणे शहाणपणाचे. ज्यांना केवळ बाजार आणि देवीचा उत्सव पाहावयाचा आहे, त्यांना कोणतेही वर्ष चालेल.

पौर्णिमेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. २०२३ मध्ये कोजागरीच्या रात्री, २८ ऑक्टोबरला, भारतातून दिसणारे खंडग्रास चंद्रग्रहण आले. ग्रहणाचे वेध पाळणाऱ्या घरांत त्या रात्रीच्या दुधाचा आणि खिरीचा बेत बदलावा लागला. तारीख ठरवण्यापूर्वी पंचांगाचे ते पान चाळून घेणे एवढेच याला उत्तर आहे.

काय खावे आणि केव्हा

एप्कॉटच्या महोत्सवात सकाळी अकराला जे मिळते तेच रात्री आठलाही मिळते. बाजाराचे तसे नसते. येथे प्रत्येक पदार्थाला आपली वेळ आहे, आणि ती चुकली की पदार्थ शिळा मिळतो किंवा मिळतच नाही.

सकाळ ही पोहे आणि जिलबी यांची. मध्यप्रदेशात पोहे वाफेवर गरम ठेवतात, वर शेव घालतात आणि सोबत मैद्याची गरम जिलबी घेतात. महाराष्ट्रीय माणसाला पोह्यांबरोबर जिलबी प्रथम विजोड वाटते. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून मागतो. संध्याकाळ ही तळणीची : समोसे, आलूबंडे आणि मुख्यतः मंगोडे. मंगोडे म्हणजे भिजवून वाटलेल्या मूगडाळीची भजी. ती कढईतून काढल्यावर काही मिनिटांतच खावयाची असतात.

या परिसराची खरी ओळख मात्र खव्याच्या जिलबीने होते. कमानिया गेटजवळचे बडकुल हलवायांचे दुकान या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. त्याचा आरंभ १८८९ सालचा सांगितला जातो. नेहमीची जिलबी आंबवलेल्या मैद्याची असते. ही जिलबी खवा आणि तिखुर यांची. तिखुर म्हणजे आपल्याकडे ज्याला तवकीर म्हणतात त्या जातीचे सत्त्व. हळदीच्या कुळातील एका रानटी वनस्पतीचे कंद किसून, पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवून ते तयार करतात. मंडला, बालाघाट, बस्तर या भागांतील जंगलांत ही वनस्पती आढळते. खव्याला बांधून ठेवण्याचे काम तिखुर करते. त्याशिवाय खवा तुपात सोडताच विरघळून जाईल.

या जिलबीचा रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळसर असतो. प्रथम पाहणाऱ्यास ती करपली आहे असा भास होतो. खरे कारण वेगळे आहे. खव्यात दुधातील साखर आणि प्रथिने दाट झालेली असतात, आणि ती तापली की मैद्यापेक्षा फार लवकर तांबूस होतात. म्हणून हलवाई आच मंद ठेवतो आणि तईतील जिलब्या सावकाश तळतो. आच वाढली तर बाहेरून काळी आणि आतून कच्ची अशी तिची अवस्था होते. चांगल्या जिलबीला वरून पातळ कड असते, आतून ती मऊ आणि रवाळ लागते, आणि पाक आतपर्यंत पोचलेला असतो.

या पदार्थात धान्याचे पीठ नाही ही गोष्ट नवरात्रात महत्त्वाची ठरते. उपवास करणाऱ्यालाही ती चालते. म्हणजे ज्या दिवसांत शहरातील निम्मी माणसे अन्न वर्ज्य करून बसलेली असतात, त्याच दिवसांत या दुकानापुढे गर्दी अधिक असते. पाहुण्याच्या दृष्टीने ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नवरात्राचा बाजार हा काही अंशी उपवासाचा बाजार असतो. साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ आणि समा, म्हणजे आपली भगर, यांचे पदार्थ सर्वत्र दिसतात. अनेक घरांत कांदा-लसूण बंद असतो. ज्याला या प्रदेशाचे मांसाहारी जेवण चाखावयाचे असेल त्याने नवरात्राचे नऊ दिवस निवडू नयेत.

शरदात जबलपूरच्या परिसरातील तळ्यांतून ताजे शिंगाडे बाजारात येऊ लागतात. कोवळे शिंगाडे सोलून तसेच खातात किंवा उकडून मिठाबरोबर खातात. महाराष्ट्रात शिंगाडा बहुधा पिठाच्या रूपातच भेटतो. त्यामुळे मराठी पाहुण्याला हा ताजा, कुरकुरीत शिंगाडा नवा वाटेल. हिरव्या वाटाण्यासाठीही जबलपूर प्रसिद्ध आहे, पण तो हंगाम थंडीचा. दसऱ्याला येऊन वाटाण्याची अपेक्षा धरू नये.

द्राक्षमळ्यातील महोत्सवाप्रमाणे येथे मद्याला स्थान नाही. या भागातील गोंड समाजात मोहाच्या फुलांची दारू पूर्वापार आहे आणि ती त्यांच्या पूजाविधींचा भाग आहे. राज्य शासनाने अलीकडच्या वर्षांत तिला वारसा-मद्य म्हणून मान्यताही दिली. परंतु नर्मदाकाठ हा तीर्थक्षेत्राचा प्रदेश आहे. १ एप्रिल २०२५ पासून मध्यप्रदेशातील १९ धार्मिक नगरांत व ग्रामपंचायतींत दारूची दुकाने बंद करण्यात आली. नर्मदेवरील मंडला आणि अमरकंटक यांचा त्यांत समावेश आहे. सणाच्या दिवसांत या बाजारात ऊसाचा रस, लस्सी आणि चहा हीच पेये होत. कॉफी हवी असेल तर कामगारांच्या सहकारी संस्थेमार्फत चालणारी इंडियन कॉफी हाउसे आहेत. मध्यप्रदेशात ती चालवणाऱ्या संस्थेचे मुख्यालय जबलपुरातच आहे.

पूर्वार्ध की उत्तरार्ध

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पोचून कोजागरीनंतर परतावयाचे म्हटले तर आठ रात्रींचा मुक्काम होतो. नोकरदार कुटुंबाला इतकी रजा क्वचितच मिळते, आणि सणासुदीच्या दरात इतका खर्चही झेपत नाही. म्हणून बहुतेकांना या उत्सवाचे दोन भाग पाडून एकाची निवड करावी लागते. दोन्ही थोडेथोडे साधण्याच्या धडपडीत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन कोजागरीच्या आदल्या दिवशी परतणारा प्रवासी दोन्हींना मुकतो.

पूर्वार्ध निवडणाऱ्याने अष्टमीच्या सुमारास पोचावे. पहिल्या संध्याकाळी फक्त कमानिया गेट आणि बडा फुहारा यांच्यामध्ये एक फेरी मारावी. वाटा कळल्या, दुकाने हेरली, की पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी घ्यावी, दुपारी विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी नुनहाई व सुनरहाई येथील देवीच्या मूर्ती पाहाव्यात. बुंदेली वळणाच्या या मूर्ती सोन्याचांदीच्या दागिन्यांनी मढवलेल्या असतात. लोक एकीला नगर सेठानी आणि दुसरीला नगर जेठानी म्हणतात, आणि त्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी सांगितली जाते. दसऱ्याच्या रात्री मिरवणूक निघते आणि ती पहाटेपर्यंत चालते. मिरवणूक कोठून पाहावयाची ती जागा दिवसाउजेडी निश्चित करून ठेवावी. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असल्यास अरुंद बाजाराऐवजी रुंद रस्त्यावरची, मागे मोकळी वाट असलेली जागा घ्यावी.

खव्याची जिलबी खाण्यास दसऱ्याची संध्याकाळ ही सर्वांत अयोग्य वेळ होय. रांग लांब असते आणि मागे धक्के बसत असतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शहर उशिरा जागे होत असताना, त्याच दुकानी निवांतपणे उभे राहता येते. त्या संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती पाहिली म्हणजे पूर्वार्ध पूर्ण झाला.

उत्तरार्ध निवडणाऱ्याने कोजागरीच्या दोन दिवस आधी यावे. पहिला दिवस कमानिया गेटच्या बाजारासाठी. आता गर्दी ओसरलेली असते आणि हलवाई दिवाळीच्या तयारीला लागलेले असतात. दुसऱ्या दिवशी तेवर, चौसष्ट योगिनींचे मंदिर आणि भेडाघाट पाहावे. दहाव्या शतकातील हे वर्तुळाकार कलचुरी मंदिर टेकडीवर असून तेथे पोचण्यास शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. नावा सुरू असतील तर घळ दिवसाच पाहून घ्यावी. पौर्णिमेच्या रात्री नावा चालतीलच असे गृहीत धरू नये. ती रात्र काठावर बसून घालवण्यासाठीच आहे, असे मानून गेले तर निराशा होत नाही.

कोजागरीच्या रात्री दोन चालींची गाठ पडते. उत्तर भारतीय घरांत तांदळाची खीर करून चांदण्यात ठेवतात आणि नंतर ती प्रसाद म्हणून खातात. मराठी घरांत केशर, वेलची, सुकामेवा घातलेले आटीव दूध चंद्राला दाखवून पितात. जबलपुरात कोणा मराठी घरी ओळख असेल तर या एका रात्री दोन्ही मिळू शकतात, आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

गाडी, मुक्काम, खर्च आणि प्रकृती

मुंबई-पुण्याकडून जबलपूरला जाणाऱ्या गाड्या भुसावळ, खांडवा, इटारसी या मार्गाने जातात. मुंबईपासून हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर आहे. नागपूरकरांना रस्त्याचा मार्ग जवळचा. गोंदियाहून सातपुडा ओलांडून जाणारा जुना अरुंदमापी लोहमार्गही आता रुंदमापी झाला आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे २० ऑक्टोबरचा दसरा गाठावयाचा असेल तर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिकिटाची तयारी हवी. परतीचे तिकीट त्याच वेळी काढावे. दसरा ते दिवाळी या काळात परतीची जागा मिळणे जाण्यापेक्षाही अवघड असते.

मुक्कामासाठी दोन पर्याय आहेत. पूर्वार्धासाठी शहरात राहावे, पण बाजाराच्या आत नव्हे. कमानीपासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर असलेली जागा उत्तम. ती इतकी जवळ हवी की थकल्यावर परतता येईल, आणि इतकी लांब हवी की रात्री ध्वनिवर्धकांचा त्रास होणार नाही. उत्तरार्धासाठी भेडाघाटला राहणे सोयीचे. राज्य पर्यटन महामंडळाची निवासस्थाने दोन्ही ठिकाणी आहेत, परंतु कोजागरीच्या खोल्या फार आधी भरतात.

खाण्याच्या खर्चाची चिंता येथे फारशी नाही. एप्कॉटमध्ये चार माणसांचे कुटुंब एका संध्याकाळी जेवढे खर्च करते, तेवढ्यात येथे अनेक दिवसांचे खाणे होते. येथे मर्यादा पडते ती पोटाची. खव्याची जिलबी जड असते; चौघांनी पाव किलो घेतली तरी ती पुरून उरते. एका संध्याकाळी तीन थांबे, प्रत्येक थांब्यावर एक पान आणि ते सर्वांत वाटून, हे प्रमाण सामान्य प्रकृतीला मानवते. तळलेला पदार्थ आधी आणि गोड शेवटी घ्यावे. मधुमेही व्यक्तीने एका घासाचा निश्चय घरूनच करून निघावे, कारण बाजारात तो करता येत नाही.

सणाच्या दिवसांत खव्याची मागणी वाढते आणि भेसळीचा धोकाही वाढतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढेही ती कोणत्या तारखेपर्यंत चांगली राहील याची पाटी लावणे बंधनकारक केले. ती पाटी पाहावी. त्याहून सोपी कसोटी म्हणजे समोर तळले जात असलेले, वाफाळते तेवढेच घ्यावे. घरी नेण्यासाठी जिलबी घ्यावयाची तर ती परतीच्या दिवशी घ्यावी, पाक निथळू द्यावा, आणि घरी पोचताच वाटून टाकावी. पाणी आपले आपण बरोबर ठेवावे.

पाहुण्याची जागा

भिंतीतल्या महोत्सवात पाहुणा हाच केंद्रस्थानी असतो. त्याने तिकीट काढलेले असते, आणि सोय झाली नाही तर तक्रार करण्याचा अधिकार त्याला असतो. कमानिया गेटखालून दसऱ्याच्या रात्री जाणाऱ्या हजारोंमध्ये त्याची गणना वेगळी होत नाही. मिरवणुकीपुढे रस्ता बंद झाला तर तो त्याच्यासाठीही बंद असतो. नऊ दिवस उपवास करून देवीपुढे उभी असलेली बाई, पहाटेपासून तईपुढे बसलेला कारागीर, दुकानाच्या पायरीवर भाविकांना पाणी देणारा सराफ, ही सर्व माणसे आपापले काम करीत असतात. कोणी त्याच्यासाठी देखावा उभारलेला नसतो. म्हणून देवीपुढे छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, रांगेत मध्ये घुसू नये, खाऊन झालेला द्रोण रस्त्यावर टाकू नये, आणि दुकानदाराला सणाच्या संध्याकाळी पाककृतीचे प्रश्न विचारत बसू नये. तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी विचारले तर तो हातातले काम ठेवून उत्तर देतो.

एवढी पथ्ये सांभाळून आखलेला प्रवास बहुधा फसत नाही. तो आखावयास फारशी सामग्रीही लागत नाही. भिंतीवरचे पंचांग, रेल्वेचे वेळापत्रक आणि निघण्यापूर्वी नर्मदेच्या पाण्याची व नावांची एक चौकशी पुरेशी आहे. कोणत्या दुकानांत जावयाचे याची यादी सर्वांत शेवटी करावी. ती अपुरी राहिली तरी बिघडत नाही. तारीख मात्र सर्वांत आधी, घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावी.